ती किंकाळी भावोजींचीच

परबभावोजी गेले. मालवणच्या घरी, झोपेत, कुणालाही न उठवता. फोनवर त्यांच्या पत्नी सुमनताई तेच तेच सांगत होत्या, "आवाजसुद्धा केला नाही हो... मी शेजारीच होते." मला रडू आलं आणि मेलं त्यातच हसूही आलं. ज्या माणसाला आम्ही हिंदी सिनेमांत कड्यावरून, गच्चीवरून, चालत्या जीपमधून बोंबलत मरताना अगणित वेळा ऐकलं, त्यानं खरं जाताना ब्रसुद्धा काढला नाही! मग बारावं झाल्यावर ताईंचा पुन्हा फोन आला. या वेळी त्या रडत नव्हत्या. "वैनी, एक विचारू? ती सिनेमातली किंकाळी... ती खरंच ह्यांचीच का हो? मी आयुष्यभर थाप समजले. तुम्ही कानांनी आयकलात, खरा सांगा." त्या का विचारतायत ते मला ठाऊक होतं. भावोजी सौदीहून सुरुवातीला पत्राऐवजी कॅसेटी भरून पाठवायचे. त्याच कॅसेटींवर घरच्यांनी पुढं भजनं भरली, उरल्या त्यांवर लेकीच्या हळदीची गाणी. आता फोटो पिशवीभर आहेत, आवाज मात्र कुठंच नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं आम्ही अल-खोबरला काढली. आमचे हे कंपनीत इंजिनियर, तर भावोजी त्याच कंपनीच्या कॅम्पात एसी मेकॅनिक. शुक्रवारी सुरमई घेऊन यायचे, तुकड्या किती जाड असाव्यात यावरून माझ्याशी वाद घालायचे, आणि पोटभर जेवून डीव्हीडी लावायचे. सिनेमागृह नावाची गोष्ट तिथं नव्हतीच. आमचा हॉल हेच थेटर. सिनेमा मारामारीचाच हवा, प्रेमबीम आलं की ते रिमोटनं पुढं पळवायचे. आणि गुंड वरून पडला रे पडला, की ती किंकाळी यायची... सुरुवात माणसाची आणि शेवट मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा. त्यासरशी भावोजी सोफ्यावर बसल्या बसल्या, शाळेत हजेरी देतात तसा, हात वर करायचे. "वैनी, तो मीच."

त्यांचं म्हणणं असं, की तरुणपणी ते मुंबईत एका डबिंग स्टुडिओत वायरी गुंडाळायला होते. एकदा दरीत पडणाऱ्या माणसाचा आवाज हवा होता आणि ओरडणारा नट काही उगवला नाही. रेकॉर्डिंगवाल्यानं भावोजींनाच स्टुलावर उभं केलं. तोंड उघडायच्या आत स्टुलाचा पाय मोडला, भावोजी खरेच आपटले, आणि माइक चालू होता! ते ऐकून सगळे खूश. मग त्या स्टुडिओतल्या मंडळींनी चावटपणाच मांडला. कुठल्याही सिनेमात कुणीही पडो, डाकू असो, शिपाई असो, परबाचीच किंकाळी चिकटवायची, आणि ट्रायल शोला अंधारात एकमेकांना कोपरानं ढोसायचं, "पडला रे परब!" एका सिनेमात तर दोन गुंड एकदम पडतात आणि दोघंही भावोजींच्याच आवाजात मरतात. प्रेक्षकांना पत्ता नाही. पडद्यावर नाव तर नाहीच नाही.

मी कशाला विश्वास ठेवतेय! म्हटलं, "भावोजी, आरतीला तुमचा आवाज आमच्या दारापर्यंत पोचत नाही, आणि म्हणे किंकाळी." आमचा निखिल तर मागेच लागायचा, "अंकल, प्रूव्ह करके दिखाओ ना!" भावोजी कळवळून म्हणायचे, "बाबा रे, खाली हारिस म्हणजे रखवालदार बसलाय, शेजारी इजिप्तचं मिसरी कुटुंब. फ्लॅटमधून मेल्यासारखी किंकाळी गेली तर पोलीस आधी राहायचा परवाना, इकामा मागतील. मग ज्याच्या नावावर व्हिसा आहे त्या कफीलला काय सांगू? रखवालदारापासून सगळा वाडा गोळा झाला, तो कशासाठी?" अशी वर्षं गेली. आम्ही चिडवायचो, ते हसायचे, पण त्यांना ते लागायचं. आयुष्यात नावावर म्हणावं असं तेवढं एकच होतं, आणि तेही कुणी मानत नव्हतं.

शेवटी एका थंडीत आम्ही वाळवंटात सहलीला गेलो. कोसभर चिटपाखरू नाही. निखिलनं ओळखलं, "अंकल, इधर कोई नहीं है!" भावोजी उठले, खाकरले, छाती फुगवून ओरडले... आणि काय निघालं म्हणता? कोंबड्याला उचकी लागावी तसं काहीतरी. आम्ही हसून हसून आडवे. भावोजी तोंड एवढंसं करून चहाचा थर्मास घेऊन लांब जाऊन बसले. मग निघायच्या वेळी गाडी एका टेकडीच्या माथ्यावर वाळूत रुतली. "यल्ला, यल्ला!" करत सगळ्यांनी मागून रेटा दिला, गाडी एकदम पुढं उसळली, आणि भावोजी टेकडीवरून गडगडत खाली. आणि तीच किंकाळी! अगदी तीच, मांजराच्या शेपटीसकट. निखिल टाळ्या पिटत ओरडला, "सेम टू सेम!" आमचे हे घाबरून धावले, "परब, हाड मोडलं का?" खालून वाळूनं भरलेल्या तोंडानं उत्तर आलं, "ता ऱ्हवांदे... वैनी, पटला मां आता?"

घोटा टम्म सुजला होता, तरी गडी परतीच्या वाटेवर गाणी म्हणत होता. त्या संध्याकाळी आमच्याच फोनवरून त्यांनी मालवणला ही वार्ता कळवली. सुमनताईंनी शांतपणे सांगितलं, "पडल्यावर सगळेच बोंबलतात," आणि घोट्याला हळद लावायला सांगून फोन ठेवला. ते बिचारे पुढं नोकरी खलास करून कायमचे गावी गेले, पण तिथं त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही म्हणे.

म्हणून बाराव्यानंतरच्या त्या फोनवर मी ताईंना सांगितलं, "माझ्या निखिलची शपथ, त्यांचीच. शंभर टक्के." पलीकडून एवढंच आलं, "बरं."

आता या बाई, ज्यांना मारामारी डोळ्यांसमोर नको असायची, दुपारी जेवण झालं की टीव्हीवर मारामारीचे सिनेमे शोधत बसतात. कालच फोन आला, "वैनी, टीव्ही लावा लवकर! गुंड गच्चीच्या कठड्यावर आलाय. पण हिरोचं मेल्याचं भाषण काही संपत नाही." मी लावला. दोघी कानाला फोन लावून त्या भाषणाला शिव्या घालत होतो. एकदाचा हिरोनं ठोसा मारला, गुंड पडला, आणि भावोजी ओरडले. सोफ्यावर माझा हात आपोआप वर गेला. तिकडे सुमनताई हळूच बोलल्या, मला नव्हे, टीव्हीला,

"लागलं नाही ना हो?"