त्याच्या वाट्याचा चित्रपट

लांज्याच्या एसटी स्टँडवर रत्नागिरीच्या गाडीची वाट बघत उभा होतो, तेव्हा नानांचा फोन आला. नाना म्हणजे आमच्या गावातल्या एका साप्ताहिकाचे संपादक. "मनोहर गेला रे," म्हणाले, आणि मग कसा ते सांगितलं. चौथा तास घेऊन तो स्टाफरूममध्ये आला, खुर्चीत बसला, शिपायाकडे पाणी मागितलं आणि पाणी यायच्या आत संपला. त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं, ते आज सहा आठवड्यांनी लिहूनच टाकतो, कारण ते लपवून मनोहरवर लिहिण्यात काही अर्थ नाही. मला वाटलं, मरणसुद्धा ह्यालाच चांगलं मिळालं. रडू आलं ते पुढे, गाडीने पाली सोडल्यावर, आणि शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हा डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगितलं. पण आधी आला तो हेवा. तीसेक वर्षांच्या मैत्रीत तो कायम आधी यायचा.

आम्ही रत्नागिरीत आलो ते एकाच वर्षी, एकाच जून महिन्यात. तो बुरोंडीचा, पोस्टमनचा मुलगा, शाळेत मराठी शिकवायला लागला. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात. दोघंही काटकुळे, दोघांना चष्मा, दोघांना सिनेमाचं वेड, आणि खोलीही भाड्याने एकत्रच घेतलेली. त्यामुळे गावाने आम्हाला जोडीनेच ओळखायचं ठरवलं. फरक एवढाच की त्याला लोक "मनोहर सर" म्हणायचे आणि मला "त्यांच्याबरोबरचे ते दुसरे". एकदा मांडवीच्या जेट्टीवर एका गृहस्थांनी मला थांबवून माझ्या लेखाचं तोंड भरून कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. पाचेक मिनिटांनी लक्षात आलं की ते त्याच्या लेखाबद्दल बोलतायत. मी दुरुस्ती केली नाही. घरी येऊन मात्र त्याच्याशी उगाचच भांडलो, निमित्त काय होतं तेही आता आठवत नाही.

हे लेखांचं प्रकरण सुरू झालं अठ्ठ्याण्णव साली. एका महिन्याच्या अंतराने दोन हिंदी चित्रपट आले. दोन्हींत जुळे भाऊ, दोन्हींत एक गरीब नि एक श्रीमंत, दोन्हींत आई आंधळी. एक मी पाहिला, एक त्याने, आणि कुठला बरा ह्यावरून आमची नानांच्या कचेरीत अशी जुंपली की खिळे जुळवणारा कंपोझिटर उठून दारात येऊन उभा राहिला. नाना म्हणाले, हे असंच लिहून द्या. मग "समोरासमोर" नावाचं सदर निघालं. पानाच्या डाव्या बाजूला मी, उजव्या बाजूला तो. सारख्या चित्रपटांची जोडी आली की नाना दोन चिठ्ठ्या टाकायचे आणि ज्याच्या हातात जो येईल तो त्याचा. नियम मनोहरने केला. आपल्या वाट्याचाच चित्रपट बघायचा, दुसऱ्याचा बघायचा नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही कधी नाही, आणि छापून येईपर्यंत एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. मी म्हटलं, अरे, दोन्ही बघितल्याशिवाय तुलना कशी करणार? तो म्हणाला, "दोन्ही बघणारा न्यायाधीश होतो, बाळ्या. आपण वकील व्हायचं. न्याय लोक करतील."

लोक करायचेही. दर जोडीनंतर कचेरीत पोस्टकार्डं यायची, आणि नाना ती दोन गठ्ठ्यांत लावून ठेवायचे. मनोहरचा गठ्ठा नेहमी जाड. भुतांच्या दोन चित्रपटांत तो जिंकला. एकाच क्रांतिकारकावरचे दोन चित्रपट एकाच शुक्रवारी निघाले, तेव्हाही तोच जिंकला, आणि ते तर माझे आवडते क्रांतिकारक. मी मनाशी एक समजूत करून घेतली होती की चिठ्ठीत ह्याला चांगला चित्रपट येतो, बाकी काही नाही. ही समजूत मी इतकी जपली की शेवटी नानांना म्हटलं, चिठ्ठ्या मी लिहिणार आणि घड्याही मीच घालणार. नानांनी कागद आणि कात्री पुढे केली. तरी तोच जिंकला.

त्याचं लिहिणं होतंच तसं, हे आता कबूल करायला हरकत नाही. जुळ्या भावांवरच्या त्या पहिल्या लेखात मी पटकथा, संगीत, छायाचित्रण असं सगळं ओळीने घेतलं. त्याने लिहिलं ते फक्त एका शिंप्याबद्दल, ज्याला एकाच मापाचे दोन शर्ट शिवताना संशय येतो. शिंपी चित्रपटात जेमतेम मिनिटभर होता म्हणे. पण लेख वाचल्यावर तोच लक्षात राहायचा. आमच्या घरीसुद्धा अंक आला की बायको आधी उजवी बाजू वाचायची आणि माझी बाजू "निवांत वाचते" म्हणून फडताळावर ठेवून द्यायची. एकदा तिने अगदी सहज विचारलं, "मनोहरभावोजींसारखं जरा साधं का नाही हो लिहीत तुम्ही?" त्यानंतर दोन दिवस मी घरी चहा घेतला नाही. मनोहर आला की मात्र तिच्या हातचा चहा घ्यायचा आणि माझ्या लेखातली एखादी ओळ तोंडपाठ म्हणून दाखवायचा. मला वाटायचं, हा चिडवतोय.

एकदाच, फक्त एकदाच मी जिंकलो. आकाशातून भलामोठा धोंडा येऊन पृथ्वीवर आदळणार, अशा गोष्टीचे दोन इंग्रजी चित्रपट लागोपाठ आले होते. आमच्याकडे असे चित्रपट उशिरा यायचे, तेही हिंदीत बोलणारे, आणि नाव तर असं ठेवलेलं की पूर असो वा भूकंप, कशालाही चालावं. चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या वाट्याचा धोंडा काही दिवसांनी गावातल्या थिएटरला लागला, तो मी पाहिला. मनोहर एसटीने कोल्हापूरला जाऊन त्याच्या वाट्याचा इंग्रजीत बघून आला. मी जीव तोडून लिहिलं. दुर्बिणीशी बसलेला एक शास्त्रज्ञ धोंडा पहिल्यांदा बघतो आणि त्याच्या हातातली कॉफी आकडेमोडीच्या कागदावर सांडते, तिथून मी सुरुवात केली, आणि पहिल्यांदाच संगीत-छायाचित्रण ह्यांच्या वाटेला गेलो नाही. बाकी काही नाही, फक्त त्या कॉफीचा डाग कसा पसरत जातो आणि जग त्या डागाखाली कसं येतं...

अंकाची प्रुफं मनोहर वाचायचा, कारण शुद्धलेखन त्याचं पक्कं. त्या मंगळवारी त्याने माझं प्रूफ वाचलं, आपला छपाईसाठी जुळवून झालेला लेख काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन आणून दिला. हे मला नानांकडून कळलं. मला जो आनंद झाला! माझा लेख वाचून ह्याने स्वतःचा बदलला, असं मी चार ठिकाणी सांगितलं, सासुरवाडीला पत्रात कळवलं. छापून आल्यावर पाहिलं तर त्याचा लेख जेमतेम अर्धा रकाना. धोंड्याचं फारसं काही नाही. फक्त एक प्रसंग. किनाऱ्यावरचं गाव रिकामं झालंय, माणसं डोंगरावर गेलीत, आणि एक म्हातारा पोस्टमन त्या दिवशीचं टपाल घरोघर वाटत फिरतोय. दारं बंद, तरी फटीतून पत्र सरकवतो. एका घराला फट नाही, तर तो पायरीवर पत्र ठेवतो आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवतो. मागे समुद्र चढतोय, आणि हा दगड नीट बसलाय का ते वाकून बघतोय.

पोस्टकार्डं माझ्या बाजूने आली. त्याचा लेख फारच त्रोटक आहे, अशी तक्रार लोकांनी केली. मनोहरने कचेरीतच माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जिंकलास, मेल्या." मी तो अंक टेबलाच्या काचेखाली ठेवला. पण खरं सांगायचं तर त्या काचेतून मी माझी बाजू कमी आणि त्याची जास्त वाचली. तो दगड माझ्या डोक्यातून जाईना. जिंकूनसुद्धा मला वाटत राहिलं की चांगला चित्रपट ह्यालाच मिळाला, माझ्या धोंड्याच्या गोष्टीत असा एखादा पोस्टमन का नव्हता... पुढे काही वर्षांनी साप्ताहिकाची पानं कमी झाली, सदर बंद पडलं, तरी नियम आम्ही दोघांनीही पाळला. त्याचे चित्रपट मी कधी पाहिले नाहीत.

तो गेल्यावर शोकसभा झाली, ती शाळेच्या सभागृहात. खुर्च्या कमी पडल्या. त्याचे विद्यार्थी, मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेले, भिंतीला टेकून उभे होते, आणि मी मागच्या रांगेत बसून माझ्या सभेला किती येतील ते मोजत होतो. बोलायला मला बोलावलं तेव्हा सूत्रसंचालक म्हणाले, "मनोहर सरांबरोबरचे..." आणि अडखळले. नाव आठवलं त्यांना, नाही असं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, एका रविवारी दुपारी जेवून टीव्ही लावला, तर केबलवर इंग्रजी चित्रपटांची यादी सरकत होती आणि त्यात तो होता. त्याच्या वाट्याचा धोंडा. नाव मी विसरणं शक्यच नव्हतं, काचेखाली रोज दिसत होतं. एक वकीलच राहिला नाही, तर नियम कोणासाठी पाळायचा, असं म्हणून बसलो. मला पोस्टमन बघायचा होता. चित्रपट सुरू झाला. दुर्बीण दिसली. दुर्बिणीशी एक माणूस, समोर कागद, हातात कप... आणि कॉफी सांडली.

मी बायकोला हाक मारली आणि पडद्याकडे बोट दाखवलं. हा माझा चित्रपट होता. थिएटरला हिंदी नाव लावून जो लागला तो मुळात त्याच्या चिठ्ठीतला होता, आणि मी धोंडा बघून तोच माझा समजलो होतो. त्याने कोल्हापूरला आणि मी रत्नागिरीत एकच चित्रपट पाहिला होता. तरी मी शेवटपर्यंत बसून राहिलो. म्हटलं, मी पाहिला तेव्हा पोस्टमन नजरेतून सुटला असेल. पोस्टमन नव्हताच. गाव नव्हतं, टपाल नव्हतं, दगडही नव्हता. माझा एकुलता एक विजय म्हणजे ह्याने माझी चूक झाकण्यासाठी अंग चोरून लिहिलेला अर्धा रकाना होता, असं मला त्या दुपारी वाटलं, आणि दिलेल्या त्या भिकेचा इतका राग आला की मी टेबलाची काच उचलून अंक बाहेर काढला.

तोच अंक घेऊन संध्याकाळी मनोहरच्या बायकोकडे, सुमनवहिनींकडे गेलो. घरात शिरताच मी विचारलं, हे तुम्हाला ठाऊक होतं का. वहिनींनी चष्मा लावला, तो अर्धा रकाना वाचला, आणि पदराने डोळे टिपले. म्हणाल्या, हे तर मामंजी. बुरोंडीला मोठं वादळ झालं होतं, कोळीवाडा सगळा वरच्या शाळेत जाऊन बसला, आणि मामंजी टपाल वाटत फिरले. शाळेत सगळी माणसं एकत्र बसलेली असताना पत्रं बंद घरांना कशाला, असं सासूबाई जन्मभर विचारत राहिल्या. पत्रावर घराचा पत्ता असतो, शाळेचा नसतो, असं मामंजींचं उत्तर. मनोहर तेव्हा सात वर्षांचा, वडिलांच्या मागे छत्री धरून.

मी म्हटलं, वहिनी, म्हणजे त्याने मला सांभाळून घेतलं. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "सांभाळून कसलं, भावोजी? त्या दिवशी प्रुफं वाचून आले ते जेवले नाहीत. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, बाळ्याने माझाच पिक्चर बघितलाय, आणि माझ्यापेक्षा चांगला बघितलाय. मी दोन तास बसलो होतो तिथे, ती कॉफी मला दिसली नाय. आता हे दोन लेख शेजारी छापले तर मला तोंड दाखवायला जागा नाय. आणि स्वतःचा फाडून टाकला." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधी बोलले नाहीत?"

नाही बोलला. मी जे चार ठिकाणी फुशारकी मारत सांगितलं होतं, ते अक्षरशः खरं होतं. माझा लेख वाचून त्याने स्वतःचा बदलला होता. तोही जळत होता, एक दिवस तरी, जेवण टाकून. हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तीस वर्षं मी ह्या एका वाक्यासाठी त्याच्याशी भांडत, रुसत, चिठ्ठ्यांच्या घड्या घालत आलो, आणि त्याने ते बायकोला सांगितलं, मला नाही. वहिनींनी चहा टाकला, मी तो घेतला. समाधान व्हायला हवं होतं. झालं एवढंच की उठताना मला पुन्हा तो दगड आठवला, आणि कळलं की उपाशीपोटी, हरलेल्या मनाने, एका रात्रीत ह्याने वडिलांना उभं करून जे लिहिलं, ते माझ्या कॉफीच्या वरचं आहे. लोकांना तेव्हा कळलं नाही. मला कळलं होतं.

परवा नाना भेटले. म्हणाले, पुढच्या महिन्यात सारख्याच गोष्टीचे दोन चित्रपट येतायत, दोन्हींत बुद्धिबळ खेळणारा आंधळा मुलगा, पुरवणीसाठी दोन्ही बघून तूच लिही. मी नाही म्हटलं. दोन चिठ्ठ्या करायला लावल्या, एक उचलली, दुसरी तशीच त्यांच्या टेबलावर घडीत राहू दिली. माझ्या वाट्याचा मी बघेन आणि लिहीन. दुसरा बघणार नाही. तो मनोहरचा आहे, आणि न बघताच सांगतो, तोच चांगला असणार.