मावशीच्या खुनाचा तपास

माझ्या आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, जेवढ्या मावश्या जोडल्या तेवढ्या सबंध निजामाच्या मुलखात कुणाला नसतील. आणि त्यातल्या एकीलाही हात लावायची कुणाची छाती नव्हती, कारण त्या सगळ्या बोराटीची काटेरी झुडपं होती. नळदुर्गजवळच्या आमच्या गावामागचा डोंगर कोळसेवाल्यांनी असा भादरून टाकला होता की, वरून जाणारी घारसुद्धा सावलीसाठी स्वतःच्याच पंखाकडं बघायची. उरली ती बोराटी, तीही काट्यांच्या भीतीनं. आतोबा सकाळी धोतराच्या ओच्यात लिंबोळ्या घेऊन डोंगर चढत आणि एकेका झुडपाच्या बुडाशी बी ठेवून, बाळंतिणीच्या खोलीतून निघावं तसे पाऊल न वाजवता मागं सरत. मोकळ्या जागी एकही बी टाकत नसत. "उघड्यावर ऊन भाजतं, शेरडं खात्यात. माय मरो पण मावशी जगो म्हणत्यात ते काय उगं व्हय?" रानाची माय मेली होती, लेकरं आता मावशीनं वाढवायची.

त्यांच्या धोतराला इतकी भोकं पडली होती की आत्यानं त्यातून पीठ चाळलं असतं. पदर फाटला म्हणून आत्यानं एकदा बोराटीला शिवी हासडली, तर आतोबांनी जेवण सोडलं. म्हणजे घरचं, शेजाऱ्यांकडं दोन भाकरी जास्तच जायच्या. रस्त्यात कुणी तब्येत विचारली की हे सांगत, "थोरल्या मावशीकडचं पोरगं आता टकामका बघाया लागलंय!"

एका उन्हाळ्यात चुन्याच्या भट्टीच्या गुत्तेदारानं, म्हणजे ठेकेदारानं, जळणासाठी सगळी बोराटी तोडायला माणसं लावली. पहिलं झुडूप आडवं झालं आणि आतोबा जे धावत सुटले ते नळदुर्गच्या ठाण्यात, पोलिसांच्या अमीनसाहेबांपुढंच थांबले. "मावशीला तोडलं हो! डोळ्यांदेखत कुऱ्हाडीनं तोडलं! बाकीच्याबी वाचत न्हाईत!" आतोबांचा आवाज असा की, किल्ल्यातली वटवाघळं भर दुपारी बाहेर पडली. साहेबांनी टोपी चढवली, घोडा काढला, मागं बंदूकवाले शिपाई घेतले. आमच्या गावात पोचेपर्यंत मावशीच्या अंगावर पन्नास तोळे सोनं होतं इथपर्यंत बातमी गेली होती.

डोंगरावर साहेब घामानं निथळत म्हणाले, "मुर्दा कां है?"

आतोबांनी आडव्या बोराटीकडं बोट दाखवलं.

"ये? ये तेरी खाला?"

"व्हय साहेब. अन् ही तिची लेकरं."

तुटलेल्या बुडाशी कडुलिंबाची बोटभर रोपं माना टाकून पडली होती. शेजारच्या उभ्या झुडपाखाली तसलीच रोपं हिरवीगार होती. पण साहेबांना त्याचं काय? खोटी फिर्याद म्हणून आतोबांच्या मुसक्या बांधायचा हुकूम त्यांच्या ओठांवर आला. गुत्तेदार मिशीत हसला.

"न्या मला," आतोबा म्हणाले, "पर आधी मावशीच्या बुडात हात घालून बघा."

साहेबांनी रागारागानं हात घातला. माती गार लागली असावी, कारण हात क्षणभर तिथंच राहिला. मग काढताना काटा असा घुसला की त्यांनी दोन भाषांत मिळून एक शिवी दिली.

"मावशीच हाय ती, साहेब. लेकराला हात लावला की बोचकारणारच."

साहेब रक्ताळलेलं बोट तोंडात घालून हसायला लागले. त्यांचं बघून घोडा खिंकाळला. मग गुत्तेदाराकडं वळून करड्या आवाजात म्हणाले, "खून का मामला है. तपास होने तक इस खानदान कू कोई हात नक्को लगाव!"

तो तपास काही संपला नाही. त्याआधी राजवटच संपली.

लेकरं मात्र काट्यांतून डोकं काढून आभाळात घुसली. डोंगरावर सावली आली, आणि त्या सावलीतच एकेक बोराटी वाळत गेली. तिच्या वाटणीचं ऊन लेकरांनी वरच्यावर खाल्लं होतं. बऱ्याच वर्षांनी मी गेलो तेव्हा आतोबा कोयता घेऊन कडुलिंबावर चढले होते आणि आत्या खालून ओरडत होती, "अवो, उतरा! वय काय तुमचं!" लिंबाच्या डहाळीसाठी गावाशी भांडणारा माणूस स्वतःच्या हातानं फांदी छाटत होता. फांदी खाली आली. तिच्यामागून ताटाएवढं ऊन उतरलं, बुडाशी उरलेल्या एकुलत्या बोराटीवर.

"पडलं का गं, मावशीवर?" वरून आवाज आला. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

आत्याची सावली झुडपावर पडत होती, तेवढी ती बाजूला सरकली.