वाळूवर ठेवलेला पेला

इजिप्तमधल्या शर्म-अल-शेखच्या बंदराला मोठं जहाज लागलं की अतवाचा भाव वधारायचा. एरवी बकऱ्यांमागे हिंडणारा, वाळवंटी टोळीतला हा बदू त्या दिवशी पांढराशुभ्र झगा चढवून सहल कंपनीच्या तंबूत यजमान म्हणून बसायचा. पगारी यजमान! बसमधून पाहुणे उतरले की तो खलबत्त्यात कहव्यासाठी भाजलेली कॉफी कुटायला घ्यायचा, अगदी बापाच्या तालात. बाप टोळीचा कहवा करणारा. लग्नकार्यात त्याला मानाने चुलीपाशी बसवत. ‘आपलं काय, नुसतं नाटक,’ अशी अतवा स्वतःची समजूत घालायचा.

पण बदूंच्यात खलबत्त्याचा आवाज म्हणजे उघडं आमंत्रण. ज्याच्या कानावर पडेल त्यानं यावं. त्या दिवशी तो अबू फरेजच्या कानावर पडला. टोळीतला हा सगळ्यात वडीलधारा माणूस डोंगरातून अतवालाच शोधत आला होता. तो सरळ आत शिरला आणि जहाजवाल्यांच्या ओळीत मांडी घालून बसला.

"काय रे अतवा, हात अगदी बापाचा उचललास की!"

अतवाला बरं वाटलं आणि घामही फुटला. त्याने पेला भरून दिला. म्हाताऱ्याने तो ओठाला न लावता समोर वाळूवर ठेवला.

पेला असा खाली ठेवला म्हणजे पाहुण्याला काही मागायचं आहे. यजमानाने विचारायचं, आणि शब्द मिळाला की मगच पाहुणा पिणार. न विचारणं म्हणजे पाहुण्याच्या थोबाडीत मारणंच.

अतवा तोंड उघडणार, तेवढ्यात कैरोहून आलेला मॅनेजर रामी आडवा आला. "ओ काका, उठा, ही जागा तिकीटवाल्यांची. अतवा, कोण रे हा? तुझ्या ओळखीचा?"

अतवाने खलबत्त्यावरून मान वर केली नाही. "असेल कुणीतरी डोंगरातला."

रामीने पेला वाळूत ओतला, पुसला आणि शेजारच्या बाईसाठी पुढे केला. अबू फरेज झगा झटकत उठला. "अल्ला तुझ्या घरी बरकत देवो," एवढंच म्हणाला आणि गेला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर अतवाला सोसलं असतं.

घरी बायको, सुबहिया, कणीक मळत होती. "भेटले का अबू फरेज? मीच धाडलं तंबूकडे. काय मागायला आले होते?"

"पेला ठेवला त्यांनी. मी विचारलं नाही."

तिचे हात थांबले. "विचारलं नाहीस? पेला ठेवला तरी? बापाचं नाव बुडवलंस की रे!"

अतवा न जेवताच झोपायला गेला.

सकाळी तो डोंगर चढून गेला. अबू फरेजने काही घडलंच नसल्यासारखं स्वागत केलं, कहवा दिला. अतवाने पेला खाली ठेवला.

"बोल, काय हवंय?"

"काका, काल तुम्ही काय मागणार होता, तेवढं सांगा."

"ते होय? नातीचं लग्न आहे. म्हटलं, बापाच्या जागी चुलीपाशी तू बसावंस."

"बसतो काका! हा काय, आत्ता—"

"आता दुसऱ्याला शब्द दिला बाबा. तिथं ओळखीचाच माणूस लागतो." म्हाताऱ्याने पेल्याकडे बोट केलं. "तू मागितलंस ते दिलं. आता पी."

मागणं पुरं झालं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. मान खाली घालून अतवा तो कहवा प्यायला.