खळ वाळेपर्यंत
आज शाळेच्या वाचनालयातली फाटकी पुस्तकं चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि तिच्या कोमट, गोडसर वासाबरोबर रत्नागिरीच्या रुग्णालयातली ती दुपार परत आली. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना बायकोचा पदर पेटला होता आणि खांद्यापासून कमरेपर्यंत डावी बाजू होरपळली होती. तिच्याच कातडीच्या छोट्या तुकड्यापासून मुंबईच्या प्रयोगशाळेत वाढवलेली नवी कातडी तीन आठवड्यांनी थंड पेटीतून आली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ही फार नाजूक असते, टाके सोसणार नाहीत. गोंदासारख्या औषधाने चिकटवू. पाच दिवस खांदा अजिबात हलवायचा नाही." इतकी वर्षं माझ्याबरोबर पुस्तकं चिकटवणारी ती हसली. "गोंद पातळ लावा हां डॉक्टर, नायतर सुरकुत्या पडतात." कातडी चिकटवल्यावर तिसऱ्या दिवशी माझे थोरले भाऊ राजापूरहून आले. मीच त्यांना बोलावलं होतं. दारात दीर दिसताच तिने सवयीने हात उचलला आणि अंगावर नसलेला पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेऊ लागली. "अगो, हलू नको!" मी ओरडलो, पण पट्टीखालची कातडी सरकली होती. ती ओशाळून एवढंच म्हणाली, "मोठे आलेत ना." पुढे जखम चिघळली आणि ती गेली. तेवढ्यानेच असं झालं नसेल, असं डॉक्टर म्हणाले. हल्ली चिकटवलेल्या पुस्तकावर मी वजन ठेवतो आणि खळ वाळेपर्यंत खोलीत कुणालाही येऊ देत नाही.