उठण्याचा पुरावा

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारा माझा ख्रिस्ती मित्र दर ईस्टरला, येशू मेलेल्यांतून उठल्याच्या सणाला, पहाटे मेणबत्ती घेऊन कबरस्तानातल्या प्रार्थनेला जाई. १९७०च्या सुमारास एका वर्षी तिथे त्याच्या आईची कबर नवीच होती. हे मला ठाऊक होतं. तरी सोमवारी तो करंज्यांचा डबा घेऊन स्टाफरूममध्ये आला, तेव्हा मी वाद काढला. मी इतिहास शिकवत असे, आणि ऐकायला माणसं होती.

"येशूच्या रिकाम्या कबरीवर किती बाया गेल्या, यावर तुमच्या बायबलातल्या चार शुभवर्तमानांचं एकमत नाही. कोर्टात टिकेल का हा पुरावा?"

सगळे हसले. तोही हसला.

"माय गेली तेव्हा आम्ही चौघं भाऊ खाटेजवळच होतो. शेवटी ती काय बोलली, ते चौघंही वेगवेगळं सांगून राहिले. मग माय मेलीच नाही का गा?"

"मरण कोण नाकारतो?" मी म्हणालो. "उठण्याचा पुरावा दे."

त्यानं करंज्या सगळ्यांना वाटल्या, मलाही एक दिली. मी ती खाल्ली.

दहा वर्षांनी तो गेला. त्याच कबरस्तानात, मूठभर माती टाकून झाल्यावर, त्याच्या बायकोनं मला विचारलं, "भाऊजी, तुम्ही एवढं वाचलं. हे मले पुन्हा भेटतील ना?"

मी लगेच "हो" म्हणालो. पुरावा तेव्हाही माझ्याकडे नव्हता.