आमची झालर धरणावर गेली तेव्हा

नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात विमानाचे सुटे भाग बनायचे, आणि एका शेडमध्ये हॉवरक्राफ्ट. पंख्याच्या हवेवर उचलली जाऊन पाण्यावरून सरकत जाणारी ही होडी. हवा खाली कोंडून राहावी म्हणून तिला कडेनं रबरी कापडाची झालर असते. त्या झालरीच्या पाकळ्या शिवायचं, सोल्यूशननं चिकटवायचं काम माझं. नवरा तिथंच इंजिन फिटर.

पहिली चाचणी मुळा धरणावर ठरली. चालवणाऱ्या साहेबांसोबत इंजिन बघायला ह्यांना बसायचं होतं. हे दुष्काळी शेवगावकडचे, पोहायला अजिबात येत नाही. आदल्या संध्याकाळी मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला बसवा ना."

"इंजिन मी जोडलंय, दुसरा कशाला बसंल? अन् झालर तर तुझीच हाय."

तेच मला खुपत होतं. मागच्या पाकळ्या चिकटवल्या तेव्हा हवा दमट होती, आणि दमट हवेत सोल्यूशन नीट धरत नाही. जोड पुन्हा पुन्हा ओढून पाहिले होते, तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

धरणावर पंखा सुरू झाला, झालर फुगली आणि होडी चिखलावरून अलगद पाण्यावर गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. होडी लहान लहान होत गेली. मग एकाएकी आवाज थांबला आणि ती एका अंगाला कलली.

"बुडतीय का?" मी सुपरवायझरना विचारलं.

"नाही वहिनी, पंखा बंद पडला तरी ती तरंगते," ते म्हणाले. पण स्वतः सारखा फोन लावत होते आणि तिकडून कुणी उचलत नव्हतं. होडीवर एकच माणूस उभा दिसत होता. दोघांची जाकिटं नारिंगी, त्यामुळे कोण ते कळेना. एक मासेमार आपली नाव घेऊन निघाला. मी तशीच गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिले.

नावेनं होडी ओढत आणली तेव्हा हे दिसले. कडेला पालथे पडून खाली झालर चाचपत होते.

"कुठं सुटली?" मी विचारलं. कसे आहात, हे विचारायचं सुचलंच नाही.

"सुटली न्हाई गं. पाण्यात खोड हुतं, त्याच्यात अडकून कापड फाटलं, म्हून इंजिन बंद केलं."

"पानी उतरलं की बुडालेल्या बाभळी वर येत्यात," मासेमार म्हणाला.

मी जोडावरून बोट फिरवलं. जोड शाबूत होता. तरी बाकीचे जोडही एकेक करून चाचपले.

फाटलेली पाकळी मी नव्यानं शिवली. पुढच्या चाचणीलाही हेच बसणार आहेत. साहेबांना मी काही बोलले नाही, घरी मात्र सांगितलं, आधी पोहायला शिका. आता दर रविवारी हे माझ्या भावाच्या विहिरीत पाठीला रिकामा कॅन बांधून उतरतात. कंबरेच्या दोराचं टोक माझ्या हातात असतं. "सोड आता," असं ते खालून म्हणतात. मी अजून सोडलेलं नाही.