झोपेत वाचलेलं कॅलेंडर

भूत-भानामतीच्या गप्पांना मी कायम हसत आले... आजही मानत नाही. पण ही गोष्ट कुठे बसवावी तेच कळत नाही, म्हणून लिहिते.

आम्ही तेलगावचे, शेतात कापूस. बारा वर्षांपूर्वी मला पाहायला आले तेव्हा सासूबाईंनी चारचौघांत सुईत दोरा ओवायला लावला — पोरीची नजर बघायला! मी एका दमात ओवला. पोराची नजर कुणी बघितली नाही. यांचे डोळे बारा महिने लाल, चष्मा लावूनही अंधुक दिसायचं. विचारलं की म्हणायचे, "कापसाची धूळ हाय." पापण्या तर इतक्या सैल की पालथे झोपले की वरची आपोआप उलटायची.

यंदा आमची नऊ वर्षांची आर्या सारखे डोळे चोळायला लागली. फळा दिसेना. डॉक्टरचं नाव काढलं की हे खेकसायचे, "काय न्हाई झालं तिला!"

शेवटी एका दुपारी हे झोपलेले बघून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गुरुवारच्या चौकटीत, पेन्सिलनं बारीक लिहिलं — आर्या, डोळे, बीड. कुणाला बोलले नव्हते.

मागून यांचाच आवाज आला. "आर्या, डोळे, बीड... ने तिला. माज्यावानी करू नको तिचं. पत्र्याच्या पेटीत बघ."

वळले. हे घोरत होते. उजवी पापणी उलटलेली, डोळा माझ्याकडे, आणि चष्मा उशाशी!

पेटीच्या तळाशी यांच्या डोळ्यांचा लग्नाआधीचा डॉक्टरी कागद होता. गुरुवारी आर्यासोबत तोही बीडला नेला. कागद वाचून डॉक्टर म्हणाले, "बुबुळ आणि पापणी ताठ धरणारे धागेच हिच्या वडिलांचे कच्चे आहेत. बुबुळ टोकदार होत जातं. मुलीलाही तेच आहे, पण लवकर आणलंत. किरणांच्या उपचारानं बहुतेक थांबेल."

घरी येऊन कागद सासूबाईंपुढे धरला. त्या शांतपणे म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुज्या बापानं पोरगी दिली असती व्हय?"

हे मान खाली घालून बसले. पण झोपेत बोलल्याचं आजही कबूल करत नाहीत.

झोपेत माणूस बरळतो, मान्य. पण पेन्सिलीचं अक्षर कसं वाचलं? राग मात्र जात नाही — पोरीच्या डोळ्यांपेक्षा यांना झाकपाक मोठी वाटली! अजूनही दुपारी पापणी उलटली की मी समोर बसते आणि हळूच विचारते, "अहो, अजून काय लपवलंय?"

डोळा माझ्याकडे बघत राहतो.